स्कूमानच्या शिकारकथा पोरांच्या हातात द्यायच्या का?

वाटसरू७

ओळखीतल्या एका अनुवादकाच्या डोक्यात आफ्रिकान्समधल्या किशोर साहसकथा मराठीत आणायचं खूळ शिरलंय. पहिला मान पी. जे. स्कूमानला. माझं मत विचारलं, मी 'जरूर आण' म्हटलं, पण एक अट घातली. त्या अटीवरून आमचं वाजलं. म्हणून हा धागा.

नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी (बहुतेकांनी नसणारच): पीटर योहानेस स्कूमान, १९०४ ते १९८८. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर (म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या) घरांमधली पोरं ज्यांच्या पुस्तकांवर वाढली अशा लेखकांपैकी एक. फानी नावाच्या मुलाची त्याची पुस्तकं आहेत. एकात फानी रानातल्या शाळेत शिकतो, पुढच्यात मोठ्या जनावरांचा शिकारी होतो. शिवाय 'वाळवंटी प्रदेशातले शिकारी' अशा अर्थाच्या नावाचं बुशमन लोकांवरचं पुस्तक, १९५१ चं. ते १९५७ मध्ये इंग्रजीत आलं आणि आमच्या अनुवादकाच्या हातात पडलंय ते हेच. आफ्रिकान्सला सरकारी भाषेचा दर्जा मिळाला १९२५ साली, आणि त्या देशात टीव्ही सुरू झाला थेट जानेवारी १९७६ मध्ये. मधली पन्नास वर्षं संध्याकाळी पोरांनी करायचं काय? रेडिओ ऐकायचा नाहीतर पुस्तक घेऊन लोळायचं. त्यामुळे या पुस्तकांची पकड किती असेल याचा अंदाज करा.

आता याच माणसाची दुसरी नोकरी. स्टेलेनबॉश विद्यापीठात तो मानववंशशास्त्र शिकवायचा. स्वाझी लोकांच्या पाऊस पाडायच्या विधीवर त्याचा १९३५ चा निबंध आहे. नंतर तो नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मुख्य गेम वॉर्डन झाला. तो मुलूख तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. एटोशाचं प्रसिद्ध अभयारण्य त्याच्याच अखत्यारीत. आणि १९४९ मध्ये तिथल्या प्रशासनाने 'बुशमनांच्या जतनासाठी' एक आयोग नेमला, तो आजही ओळखला जातो स्कूमान आयोग म्हणून.

जतन कसलं, तर ऐका. एटोशातल्या पाणवठ्यांभोवती हायओम नावाचे बुशमन लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. १९५३ च्या अंतिम अहवालात आयोग म्हणतो की या लोकांचं 'बुशमन म्हणून' जतन करण्यात काही हशील नाही, ते शेजारच्या जमातींत फार मिसळून गेलेत, भटकंती सोडून शेती आणि गुरंढोरं करायला लागलेत. जानेवारी १९५४ च्या शेवटाला नामुतोनी आणि ओकाउकुएयो या दोन ठाण्यांवर हायओमांना गोळा करून सांगण्यात आलं की अभयारण्य सोडा. उत्तरेला ओवाम्बोलँडमध्ये जा, नाहीतर दक्षिणेच्या गोऱ्यांच्या शेतांवर कामाला लागा. अभयारण्याच्या नोकरीतली बारा कुटुंबं तेवढी ठेवली.

माझं म्हणणं असं की कथा लिहिणारा आणि अहवालावर सही करणारा असे दोन स्कूमान नाहीतच. साहसकथेला बुशमन कसा लागतो? धनुष्यबाणवाला, माग काढणारा, शहामृगाच्या अंड्यात पाणी भरून वाळूत पुरून ठेवणारा. त्याने दोन शेळ्या पाळल्या की तो कथेच्या उपयोगाचा राहत नाही. अहवालाने तीच फूटपट्टी लावली आणि ज्यांच्या घरी शेळ्या दिसल्या त्यांना बाद केलं. म्हणून माझी अट: अहवालातला तो उतारा मराठी पुस्तकात छापायचा. तोही पुस्तकाच्या सुरुवातीला, मागे कुठेतरी परिशिष्टात नाही.

अनुवादक म्हणतो मी पुस्तकाचा मुडदा पाडतोय. तुम्ही बोला.

बोरूबहाद्दर

अनुवादक बरोबर बोलतोय. बारा वर्षांच्या पोराने सिंहाच्या मागावर जायला पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानावर त्याला सरकारी अहवाल वाचायला लावायचा? तो पुस्तक मिटेल आणि मोबाइल उघडेल, विषय संपला.

दुसरं, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. याच आयोगाच्या अंतरिम अहवालात हायओमांसाठी राखीव जागा द्यावी अशी शिफारस होती. ती लिहिणाराही स्कूमानच होता की. अंतिम अहवालात ती गळाली, का गळाली हे तुम्ही सांगत नाही. जानेवारी १९५४ मध्ये हुकूम वाचून दाखवला तो ईड्स नावाच्या कमिशनरने. मग 'स्कूमानने हाकललं' हा सूर कशाच्या जोरावर?

आणि काळ बघा हो. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी निवडून आली, वर्णभेदाचे कायदे धडाधड होऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांत एक आफ्रिकानर प्राध्यापक आफ्रिकानर वाचकांसाठी पुस्तक लिहितो, त्यात बुशमन शिकारी मध्यभागी उभा आहे, त्याची अक्कल, त्याची भीती, त्याची भूक हाच कथेचा ऐवज आहे. त्या काळात त्या भाषेत काळा माणूस पुस्तकात यायचा तो चहाचा ट्रे घेऊन. एवढं मोठं पाऊल टाकणाऱ्याला आपण सत्तर वर्षांनी खुर्चीत बसून तपासतोय.

लेखकाच्या चारित्र्याचा दाखला पुस्तकाला जोडायचा ठरला तर मराठीतली निम्मी कपाटं रिकामी होतील. नावं घेत नाही, उगाच धागा पेटेल.

दप्तरखाना

दोघांनाही थोडं थोडं अडवतो.

वाटसरू, शिकारकथेच्या फूटपट्टीने कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही, काढतो तो मजुरांचा तुटवडा. आउच्यो, त्सुमेब, ग्रूटफोन्टेन हे एटोशाच्या दक्षिणेचे आणि पूर्वेचे जिल्हे. तिथे गोऱ्यांची मोठमोठी गुरांची शेतं, आणि स्वस्त हात मिळण्याची कायम ओरड. अभयारण्यात राहून शिकारीवर जगणारा हायओम म्हणजे शेतमालकांच्या हिशोबात फुकट बसलेला मजूर. तुम्हीच लिहिलंय बघा, पर्याय दोनच दिले होते आणि त्यातला एक शेतावरची मजुरी. याला साहित्यिक कारण कशाला हवं?

शिवाय आधीचा इतिहास सोडलात तर चित्र वाकडं दिसेल. अभयारण्य जर्मन अमदानीतलं, १९०७ चं, गव्हर्नर फोन लिंडेक्विस्टच्या हुकमाने झालेलं. हायओमांना तेव्हा कोणी उठवलं नाही. दक्षिण आफ्रिकेचा अंमल आल्यावरही त्यांना पोटापुरती शिकार करायला मुभा होती. जिराफ, कुडू, एलंड आणि इम्पाला मारायचे नाहीत, बंदूक चालवायची नाही, पण धनुष्यबाणाला हरकत नव्हती. प्रशासन त्यांना जवळजवळ अभयारण्याचाच भाग समजायचं. जनावरांच्या यादीत धरलेली माणसं, म्हणा हवं तर. ही सोय चाळीसेक वर्षं टिकली. मोडली ती कधी? पर्यटक येऊ लागले तेव्हा आणि शेतांना मजूर हवे झाले तेव्हा.

बोरूबुवा, आता तुम्ही. 'शुद्ध बुशमन' हे खूळ स्कूमानने कथा लिहिता लिहिता काढलेलं नाही, पण ते निरागसही नव्हतं. स्टेलेनबॉशच्या मानववंशशास्त्राच्या शाखेचा पायाच तो होता: प्रत्येक लोकसमूहाची संस्कृती वेगळी, ती मिसळली की नासली. स्कूमानच्या आधी तिथे शिकवणारा वेर्नर आइसेलेन पुढे काळ्या मुलांच्या शिक्षणावरच्या आयोगाचा अध्यक्ष झाला, आणि त्यातूनच १९५३ चा बांटू शिक्षण कायदा आला. हायओम लोकांची भाषा खोएखोए, म्हणजे नामा आणि दामारा हे बुशमन नसलेले लोक बोलतात तीच. त्यामुळे आइसेलेन-स्कूमान घराण्याच्या चष्म्यातून ते पहिल्यापासूनच भेसळीचा माल होते.

एक जाता जाता. स्कूमानच्या आधी एटोशाचा कारभार पाहायला नेमलेला वॉर्डन होता ए. ए. पीनार. तोही लेखक. 'सांगिरो' या टोपणनावाने पूर्व आफ्रिकेतल्या सिंहांवर वगैरे लिहिलेलं त्याचं १९२१ चं पुस्तक आफ्रिकान्समध्ये गाजलेलं आहे.

तिरकस

म्हणजे त्या देशात वॉर्डन व्हायला आधी पुस्तक छापून यावं लागायचं. आपल्याकडे उलटं, जंगल खात्यातून निवृत्त झाल्याशिवाय पुस्तक येत नाही.

वाटसरू७

दप्तरखाना, मजुरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण शेतमालकाला मजूर हवा असतो तेव्हा तो 'मला मजूर हवा' असं अहवालात लिहून घेत नाही. त्याला कोणीतरी सभ्य वाक्य पुरवावं लागतं. 'हे आता खरे बुशमन राहिलेच नाहीत' हे ते वाक्य. ते लिहायला शेतमालक नको, बुशमनांचा जाणकार हवा. ज्याची पुस्तकं घराघरांत आहेत असा जाणकार मिळाला तर सोन्याहून पिवळं. आयोगाच्या अध्यक्षपदी स्कूमान बसला तो काय मजुरीचे दर माहीत होते म्हणून?

बोरूबुवांना आणखी एक ऐवज देतो. १९५२ मध्ये केप टाउनला यान फान रीबेकच्या (तिथे पहिली डच वसाहत करणाऱ्याच्या) आगमनाला तीनशे वर्षं झाल्याचा मोठा उत्सव भरला. त्या जत्रेत नैऋत्य आफ्रिकेतून बुशमन आणून मांडले होते. 'मांडले' हाच शब्द योग्य, लोक तिकीट काढून बघायला यायचे. त्यांना आणण्यामागे हेच वॉर्डनसाहेब होते. साल पाहा: पुस्तक १९५१, जत्रा १९५२, अहवाल १९५३. पुस्तकात वाचा, जत्रेत बघा, अहवालात मोडीत काढा. हा सगळा तीन वर्षांतला एकाच माणसाचा उद्योग आहे. तुम्ही यातलं पहिलं साल कात्रीने कापून हातात देताय आणि म्हणताय हे साहित्य.

अंतरिम अहवालात राखीव जागा सुचवली होती, बरोबर. त्याने ती सुचवली होती म्हणूनच मला जास्त राग आहे. त्याला दिसत होतं.

दक्षिणायन

विंडहूकमधून लिहितोय. नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे आहे, एटोशाला पाहुणे घेऊन जाणं हा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा कुळाचार.

तुम्ही तिघं हायओम लोकांबद्दल असं बोलताय की जणू ते १९५४ मध्ये संपले. ते आहेत. ओकाउकुएयोच्या कॅम्पात जा. पांढरा चुनखडीचा गोल बुरूज, त्याच्यापुढे पाणवठा. रात्री त्यावर पिवळे झोत सोडलेले असतात, बुटक्या दगडी भिंतीमागे बाकं, आणि बाकांवर जर्मन, डच, अधूनमधून आमच्यासारखे पुणेकर, सगळे श्वास रोखून गेंड्याची वाट बघत. तोंडातून शब्द काढला की शेजारचा डोळे वटारतो. हा पाणवठा ज्यांचा होता त्यांची नातवंडं कॅम्पात खोल्या झाडतात, रस्त्याच्या कामावर असतात, गाइड असतात. १९५४ नंतर हाकललेल्यांपैकी काही परत आले ते असेच, मजूर म्हणून.

नामुतोनीचा पांढरा किल्ला तर साहसकथेच्या मुखपृष्ठासारखाच दिसतो. २८ जानेवारी १९०४ ला सात जर्मन सैनिकांनी राजा नेहालेच्या शेकडो ओन्डोंगा योद्ध्यांविरुद्ध तिथला आधीचा किल्ला लढवला. कितीतरी वर्षं गोष्ट सांगितली जायची ती त्या सातांची. स्वातंत्र्यानंतर उत्तरेच्या प्रवेशद्वाराला नेहालेचं नाव मिळालं. म्हणजे आता किल्ल्यावर हल्ला करणाराही नायक आहे आणि लढवणाराही. हायओम दोन्ही गोष्टींत नाहीत. जमीन त्यांची, लढाई दोन पाहुण्यांची.

जानेवारी १९९७ मध्ये हायओमांनी एटोशाची प्रवेशद्वारं अडवली. त्र्याहत्तर जणांना अटक झाली, आणि ती करणारं सरकार वर्णभेदवाल्यांचं नव्हतं, स्वतंत्र नामिबियाचं होतं. २०१५ मध्ये आठ जण कोर्टात गेले. २०१९ ला उच्च न्यायालयाने आणि २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या आठांना साऱ्या हायओमांच्या वतीने दावा लावायचा अधिकारच नाही. जमीन कोणाची या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही. सरकारने अभयारण्याच्या दक्षिणेला काही शेतं विकत घेऊन पुनर्वसन केलं, पण शेत म्हणजे एटोशा नव्हे.

मला विचाराल तर स्कूमान छापा नाहीतर नका छापू, इथल्या माणसाला त्याने काडीचा फरक पडत नाही. पण एक गंमत सांगतो. शेतांवर वाढलेले जुने हायओम लोक फाडफाड आफ्रिकान्स बोलतात. मालकाची भाषा, मुकादमाची भाषा. स्कूमानचं पुस्तक त्यांच्यातल्या कोणी वाचलं तर त्यांना अनुवाद लागणार नाही. त्यांचं मत कोणी विचारलंय का?

बोरूबहाद्दर

दक्षिणायन, प्रतिसाद फार आवडला. पण तुमच्या लिहिण्यातून माझाच मुद्दा पक्का होतोय. १९९७ ला अटक करणाऱ्यांनी स्कूमान वाचून अटक केली नाही. २०२२ च्या न्यायाधीशांनी शुद्ध-अशुद्ध बुशमनाचा विचार केला नाही. म्हणजे पुस्तक असो नसो, पर्यटनाचा पैसा आणि सरकारी मालकी यांनी व्हायचं तेच झालं. मग सगळं पाप एका कथाकाराच्या माथी कशाला?

वाटसरू, 'त्याला दिसत होतं' हे वाक्य चांगलं आहे, पण तुम्ही ते त्याच्याविरुद्ध वापरताय. त्याला दिसत होतं म्हणूनच पुस्तक चांगलं झालंय. आंधळ्या माणसाला माग काढायचं वर्णन जमत नाही.

प्रिटोरियाची_सून

माझा तिसराच पक्ष. छापूच नका.

रागावून नाही, व्यवहार म्हणून सांगते. इथे माझी दोन्ही मुलं शाळेत आफ्रिकान्स शिकतात, दुसरी भाषा म्हणून. मला अभ्यास घेता घेता वाचायची सवय लागली. त्या भाषेत आज मुलांसाठी इतकं ताजं, गमतीदार, खोडकर लिहिलं जातंय की शोधायला बसावंही लागत नाही. तुमच्या मित्राला मात्र कपाटातून काढायला मिळाला तो १९५१ चा वॉर्डन! का, तर त्याचं इंग्रजी भाषांतर हाताशी आहे. हे साहित्यप्रेम नाही, ही सोय आहे.

जुनंच हवं असेल तरी स्टेला ब्लेकमोरकडे का बघत नाही? मुलींच्या वसतिगृहाची मासडॉर्प मालिका तिने स्वतःच्या नावाने लिहिली आणि मुलांच्या शाळेची कर्बोसलान मालिका 'तेउनिस क्रोग' या पुरुषी नावाने. पोरं बिचारी वाचत होती, समजत होती कोणी काका लिहितोय. शिकार नाही, बंदूक नाही, पण शाळेतल्या भानगडी अशा की पान सोडवत नाही. (तिथेही सगळी शाळा गोरीच आहे, ते वेगळं. जुनं काढलं की हे येणारच.)

आणि एक लक्षात ठेवा. १६ जून १९७६ ला सोवेटोची (जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली) शाळकरी पोरं रस्त्यावर आली ती आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती नको म्हणून. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टीव्ही येऊन सहा महिनेही झाले नव्हते. वाटसरू, तुम्ही 'टीव्ही नव्हता म्हणून पोरं पुस्तक घेऊन लोळायची' असं जे गोड चित्र काढलंत ना, ते एका वस्तीतलं आहे. दुसऱ्या वस्तीत हीच भाषा छडीसारखी यायची.

तिरकस

ताईंना +१. फक्त 'शिकार नाही, बंदूक नाही' म्हटल्यावर आमचे चिरंजीव पुस्तकाला हात लावायचे नाहीत.

मेळघाटी

राहवत नाही म्हणून. अमरावतीकडचा आहे. मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला १९७४ च्या सुमारास, आणि बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं हलवली गेली ती पुढे शतक बदलताना. जंगलातले साहेब कोरकू माणसाचं तोंड भरून कौतुक करतात, त्याच्याशिवाय जंगलात पाऊल टाकत नाहीत, आणि पुनर्वसनाच्या कागदावर सहीही तेच करतात. मनात पाप नसतं. स्कूमानच्या मनात होतं की नाही हे शोधून काय मिळणार आहे, वाटसरू? कौतुक आणि सही एकाच हाताने होते, एवढं पोरांना कळलं तरी पुरे. माझं मत, उतारा छापा.

दप्तरखाना

मेळघाटी, तुलना समजते, पण जपून. तुमच्याकडे निदान मोबदला, वन हक्क कायदा, ग्रामसभा असे शब्द तरी कागदावर आहेत. ते किती पाळले जातात यावर वेगळा धागा निघेल आणि निघावा. १९५४ च्या नामुतोनीत कागदावरही काही नव्हतं. आणि कोरकू 'खरे कोरकू' नाहीत म्हणून कोणी त्यांना हलवलं नाही. वाटसरूंचा मुद्दा तोच तर आहे, तो यात विरघळू नये.

जाता जाता बोरूबुवांनी विचारलेलं. अंतिम अहवालात जागा मिळाली ती पूर्वेकडच्या कुंग या दुसऱ्या बुशमन लोकांना. ते 'बुशमन म्हणून' पास झाले. तिकडे १९५९ मध्ये त्सुमक्वे नावाचं सरकारी ठाणं उभं राहिलं, आणि ते वसवणारा मॅकइन्टायर हा आधी याच आयोगावर होता. पास झालेल्यांनाही त्यांच्या मनासारखं भटकू दिलं नाहीच. ठाण्याभोवती बसवलं, शेती शिकवायला घेतली. ज्या शेळ्यांपायी हायओम नापास झाले त्याच शेळ्या कुंगांना अभ्यासक्रमात आल्या.

वाटसरू७

दप्तरखाना, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला एक चहा लागू.

प्रिटोरियाची_सून, सोवेटोचा मुद्दा नाकारण्यासारखा नाही. ताजं आणा हेही खरं. पण 'छापूच नका'ला माझी तयारी नाही, कारण पुस्तक वाईट असतं तर प्रश्नच नव्हता. मी वाचलंय ते. उन्हाळ्यात पाणी आटत जातं आणि टोळी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकत राहते, ते वाचताना घशाला कोरड पडते. इतकं जवळून पाहणारा माणूस दोन वर्षांनी त्याच लोकांबद्दल 'हशील नाही' या अर्थाचं वाक्य लिहितो, किंवा लिहिलेलं चालवून घेतो. पोराने हे दोन्ही एका पुठ्ठ्यात वाचावं असं मला वाटतं. वेगवेगळं वाचलं तर एकात लेखक ग्रेट ठरतो आणि दुसऱ्यात राक्षस. दोन्ही ठिकाणी पोराला विचार करायचं काम पडत नाही.

प्रिटोरियाची_सून

तुम्ही मुलांना वाचताना कधी पाहिलंय का? प्रस्तावना ही मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली गोष्ट, मुलं ती बोट ओलं करून उलटतात. छापायचंच असेल तर उताऱ्यापेक्षा नकाशा द्या. माझ्या धाकट्याला पुस्तकात नकाशा असला की तो आधी तिथे जातो, मग गोष्ट.

दक्षिणायन

नकाशा आहे! हायओम वृद्धांना बरोबर घेऊन एटोशातल्या जागांची त्यांची नावं गोळा केली गेली आहेत. कुठे कोणाची वस्ती होती, कुठल्या पाणवठ्यावर कोण राहायचं, कुठे शिकारीचे आडोसे होते, हे सगळं दाखवणारे नकाशे छापलेत. 'कोम्स ओमिस' नावाने हा वारसा प्रकल्प चालला. पर्यटकांच्या नकाशात जिथे नुसती पांढरी जागा आहे तिथे या नकाशात नावांची दाटी आहे. परवानगी काढून तो पुस्तकात टाकलात तर मी माझं 'काडीचा फरक पडत नाही' मागे घेतो.

बोरूबहाद्दर

नकाशाला माझी हरकत नाही, उलट मजा येईल. पोरगं कथेतला पाणवठा नकाशात शोधेल. पण उतारा मागे. पुढे छापलात तर माझ्या भाच्याला भेट देताना मी ते पान डिंकाने चिकटवून देणार.

वाटसरू७

द्या चिकटवून. चिकटवलेलं पान भाचा सगळ्यात आधी सोडवेल.

दप्तरखाना

पुढे की मागे यावर आणखी शंभर प्रतिसाद व्हायच्या आत एक रुक्ष प्रश्न. स्कूमान वारला १९८८ मध्ये. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतात, म्हणजे २०४८ पर्यंत. दक्षिण आफ्रिकेत पन्नास, तरी २०३८ उजाडेल. इंग्रजी भाषांतरावरून करणार असाल तर त्या भाषांतराचे हक्क निराळे. तुमच्या मित्राने परवानगी मागितली आहे का? आणि मागताना वारसांना सांगितलंय का, की पुस्तकात हा उताराही छापणार आहोत?

वाटसरू७

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'मागणार आहे'. दुसरा त्याला आजच विचारतो.